पदरचं वाक्य

९ जानेवारी, गुरुवार

लहानू काल चुकीच्या बाजूला पडला.

नेहमी माझ्या डाव्या हाताला पडतो. तिथे मी गादी टाकून घेते, वर सतरंजी. काल उजवीकडे गेला आणि पेटीवाल्याच्या टेबलाचा कोपरा भुवईत घुसला. आणि मी! मी रोजच्यासारखा त्याच्या छातीवर पाय ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि पब्लिककडे बघून म्हटलं, "उठवू का राहू देऊ?" शिट्ट्या, टाळ्या, "वन्समोअर!" रक्त लोकांना रंग वाटला. मलाही वाटला. पडदा पडल्यावर लुगड्याचा काठ ओला लागला तेव्हा कळलं.

गोंडपिपरीजवळचं गाव होतं. टाके तिथेच घातले. वडशाला कंपनीच्या मुक्कामावर येईपर्यंत गाडीत झोपलेला. त्यात नवल नाही, तो कुठेही झोपतो. जेवताना हातात घास घेऊनसुद्धा.

जाग आली तेव्हा पहिलं काय बोलला? "बाई, सीन बरा झाला ना?"

११ जानेवारी, शनिवार

ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे नेलं. मीच गेले. त्याची बायको सुकरी धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या गावात, लहान पोरगी घेऊन. आणि याला एकटा पाठवला असता तर दारातूनच परतला असता. स्टेजवर मला भारी पडणारा माणूस, तिथे खुर्चीच्या काठावर बसून दुपट्ट्याचं टोक पिळत होता.

"तोंडाला फेस येतो?"

"नाई जी."

"हातपायांना झटके येतात? जीभ चावली जाते?"

"नाई."

"दारू?"

"घेत नाई."

"मग पडता कधी? काय करत असता त्या वेळी?"

लहानूनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. मी म्हटलं, "जागरणं होतात डॉक्टरसाहेब. सीझन आहे ना नाटकांचा. उभं राहून राहून चक्कर येते."

चक्कर! त्याला चक्कर कधीच येत नाही. तो हसला की पडतो. मी हसवते आणि तो पडतो. एवढंच सांगायचं होतं. लोकांसमोर बोलून बोलून पोट भरलं मी, आणि नेमकं हेच तोंडातून निघालं नाही. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांना मीच फसवलं.

१२ जानेवारी

का नाही सांगितलं?

एक तर, सांगणार कसं? माणूस डॉक्टरला ताप सांगतो, खोकला सांगतो. हसण्याची तक्रार घेऊन कोणी जातं का? वेड्यात काढलं असतं.

दुसरं कारण लिहायला हात जड होतोय. लिहितेच. सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, हसवू नका त्यांना. मग माझ्याजवळ काय उरतं?

आमची पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं म्हणजे सगळा उभ्या उभ्या कारभार. एक नट वडशाचा, एक नागपूरचा, नायिका आणखी कुठली. तालीम नावाला. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, त्याच्या तोंडून वाक्य उचलायचं आणि फेकायचं. पण वर काही तरी आपल्या पदरचं टाकावं लागतं, त्यावर नट ओळखला जातो. मी पदरचं टाकण्यात वस्ताद. नाटकात मी मालकीण, लहानू गडी. तो धावत येतो, "मालकीनबाई, वाघ आला!" लिहिलेलं वाक्य असं की, "अगं बाई, दार लाव." हे मी बोलले तर तो खांबासारखा उभा. पण दोन सीझनांमागे एकदा मी सहज बोलून गेले, "आधार कार्ड पाहा त्याचं आंधी." तो थबकला. तोंड वाकडं झालं, पापण्या मिटत आल्या, गुडघे गेले आणि दांडीवरून धोतर घसरावं तसा खाली. मला वाटलं, काय नट आहे! पब्लिकनं मंडप डोक्यावर घेतला.

तेव्हापासून रोज नवीन वाक्य. जुन्यावर तो पडत नाही. नवीन, त्याला माहीत नसलेलं हवं. आणि लोक "वन्समोअर" ओरडले की तो उठेपर्यंत दम धरायचा आणि दुसरं फेकायचं. आता गावच्या मंडळांचे फोन येतात तर नाटकाचं नाव विचारत नाहीत. विचारतात, "पडनारा मानूस हाय ना?"

हे नाटक नाही हे मला कधी कळलं? गेल्या वर्षीच कळलं होतं. उगाच खोटं कशाला लिहू.

१५ जानेवारी

गोळ्यांनी आणखी सुस्त झाला. प्रॉम्प्टर ओरडतोय आणि हा उभ्या उभ्या डुलतोय. पडणं तसंच आहे.

१८ जानेवारी, शनिवार

काल ठरवून गेले होते. पदरचं एक अक्षर बोलायचं नाही. लहानू आला, "मालकीनबाई, वाघ आला!" मी गुमान म्हटलं, "अगं बाई, दार लाव." मंडप थंड. मागून एक जण ओरडला, "पाड!" मग दहा-वीस जण. मग पूर्ण मंडप, बायका, लेकरं, सगळे एका सुरात: "पाड! पाड!"

मी दोन मिनिटंसुद्धा टिकले नाही.

पडला. पाय ठेवला. शिट्ट्या घेतल्या. खोटं नाही सांगत, त्या घटकेला मला बरं वाटलं! वाईट वाटलं ते आज, दात घासताना.

२३ जानेवारी

आज गाडीत एक गोष्ट नीट पाहिली. पवन, आमचा हिरो, मागच्या सीटवर कोणाकोणाच्या नकला करत होता. सगळे हसून लोळायचे बाकी होते. लहानूनं दुपट्टा तोंडावर ओढला. तो नेहमीच ओढतो. आम्ही त्याला गोटा म्हणतो, कारण स्टेज सोडून त्याला हसताना कोणी पाहिलेलं नाही. मला त्याचा अभिमान होता. मी सगळ्यांना सांगत फिरते: बघा, खरा विनोदी नट असा असतो, स्वतः हसत नाही. आणि वर हेही सांगते की त्याला हसवावं तर मीच, या सत्यशीलानंच!

आज दुपट्ट्याखालून त्याचा हात दिसला. मांडीत नखं रुतवून बसला होता. हसू येऊ नये म्हणून. वडसा येईपर्यंत नखं तशीच.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

२६ जानेवारी, रविवार

प्रयोग नव्हता. लहानूला त्याच्या गावी सोडायला गेले. निमित्त सोबतीचं, खरं म्हणजे मन खात होतं. सुकरीनं मोहाची भाकर आणि सेमीची भाजी वाढली. लहानू खाटेवर टेकला तो झोपलाच. त्याची पोरगी, निशा, त्याच्या पोटावर चढून बसली आणि याला पत्ता नाही.

सुकरी कपाळाचे टाके बघून म्हणाली, "बाई, याले हसू आलं का पाय जाते. लग्नाच्या आंधीपासून. निशा पयल्यांदा चालली ना, तवा हा असा खुश झाला आन् पोरीवरच पडला. पोरगी खाली, हा वर. मी वडून काढली."

"मग?"

"मग काय. आमी घरी हसवत नाई याले. पोरीलेबी सांगून ठेवलं, बाबासमोर माकडचाळे नाई करू. पुजाऱ्याले दाखोलं, त्यानं कोंबडा घेतला. काई नाई झालं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या तिथी तं नाई ना हसवत कोनी?"

मी म्हटलं, "नाई."

मी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला. तिनं आणखी एक वाढली.

२७ जानेवारी

नाई म्हणाले मी तिला. तिच्या घरात बसून, तिच्या हातचं खाऊन.

एक चिमुरडी बापासमोर माकडचाळे करायची थांबते. मी चाळीस ओलांडली, मला थांबता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नागपूर. नूरभाऊ आमच्या कंपनीचे मालक, त्यांच्याच ओळखीनं मेंदूच्या डॉक्टर मिळाल्या. फरहत मॅडम. वयानं माझ्याएवढ्याच असतील. घाई नाही. लहानूला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. मला वेळ आहे."

त्यानं झोपेचं सांगितलं. दिवसा आवरत नाही. रात्री कधी कधी जाग येते तर अंग हलत नाही, उशाशी कोणी तरी उभं असल्यासारखं वाटतं. मॅडम भराभर लिहीत होत्या. मग विचारलं, "पडता तेव्हा शुद्ध हरपते?"

"नाई. मले सगळं आयकू येते."

मी खुर्चीत ताठ झाले.

"सगळं?"

"सगळं. लोकं हसतेत ते, बोलतेत ते. डोरे उघडाचे म्हनलं तं उघडत नाई. बोट हालवाचं म्हनलं तं हालत नाई. छातीवर वजन असलं का श्वास पुरत नाई, मंग भेव लागते का असाच राह्यलो तं..." आणि तो थांबला. त्याला आठवलं की मी शेजारी बसले आहे.

"छातीवर वजन कशाचं?"

"असंच जी. पोरगी बसते कधी कधी."

"आणि पडता कशानं? काही चांगलं घडलं, राग आला, हसू आलं, असं काही?"

लहानू खाली बघत म्हणाला, "पाय सटकते जी. स्टेज गुळगुळीत राह्यते."

माझ्यासाठी! जो खोटेपणा मी ब्रह्मपुरीला माझ्यासाठी केला, तोच त्यानं इथे माझ्यासाठी केला. तेही अशा बाईसमोर, जिनं नेमका प्रश्न विचारला होता. मॅडम म्हणाल्या, "बरं, तपासण्या करू." मी "आलेच" म्हणून बाहेर गेले. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. नळ सोडला, प्याले नाही, बंद केला. परत आत गेले.

"मॅडम, तो खोटं बोलतोय. तो हसला की पडतो. मी हसवते. मुद्दाम."

"बाई, राहू द्या ना," लहानू म्हणाला.

"तू चूप बस."

गोंडपिपरीचा व्हिडिओ मोबाइलवर होता. कोणी तरी काढून व्हॉट्सॲपवर टाकला, आता गावोगाव फिरतोय. मॅडमसमोर धरला. आजवर तो ज्यानं पाहिला तो हसला. पानवाला हसला, माझी सख्खी बहीण हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तीनदा थांबवून पाहिला. "इथे बघा, आधी पापण्या. मग जबडा. मग मान." पुढे माझा पाय आला. मॅडमनी तिथेही थांबवलं. माझा पाय पडद्यावर तसाच राहिला, लाल आळता लावलेला.

मग समजावलं. नार्कोलेप्सी म्हणतात, आणि हे पडणं म्हणजे कॅटाप्लेक्सी. फार थोड्या लोकांना होतं. "झोपेत आपलं अंग सैल पडतं ना, तसं यांचं जागेपणी पडतं, हसू आलं की. फिट नाही, भूतबाधा नाही, नाटक तर मुळीच नाही. औषध आहे. पूर्ण जात नाही, पण पुष्कळ आवरतं. पक्कं करायला इथे राहून झोपेची तपासणी करावी लागेल." फिटच्या गोळ्या एकदम न सोडता हळूहळू कमी करायला सांगितल्या.

निघताना मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी बराच काळ भलतीकडे शोधत बसले असते." बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. मला ते चपराकीसारखं लागलं.

४ फेब्रुवारी

एसटीत काल त्याला विचारलं, "तुला सगळं कळत होतं. मग बोलला का नाही? पाय काढा म्हणायचं होतं."

त्यानं डोकं खिडकीला टेकवलं. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "घरी हसाची बंदी. गाडीत हसलो तं कोनाच्या अंगावर पडीन. रस्त्यानं हसलो तं नालीत. तिथी स्टेजवर पडलो तं काई बिघडत नाई. एक तितकीच जागा हाय बाई, जिथी मले हसाले भेटते."

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसले.

"आन् तुमी खरंच लय मजेदार बोलता," तो म्हणाला. नागभीड गेल्यावर परत बोलला, "पाय तेवढा नका ठेवत जाऊ."

७ फेब्रुवारी

नूरभाऊंना सगळं सांगितलं. डोक्याला हात लावून बसले. "अरे बाई, होळीपर्यंतचं बुकिंग त्याच्या पडण्यावर घेतलं मी!" मग सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "त्याले घरी ऱ्हाऊ द्या. मेला-बिला तर मैं अल्ला को क्या मुँह दिखाऊँ?"

मी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला होता?

२० फेब्रुवारी

गड्याचं काम पवनला दिलंय. पडतो, पण पडण्याआधी जागा बघून घेतो. पब्लिकला लगेच कळलं. मूल शहराच्या पुढच्या एका गावात खुर्च्या फेकल्या. माझ्या पदरच्या वाक्यांना आता कोणी हसत नाही. म्हणजे लोक माझ्या विनोदाला कधी हसतच नव्हते की काय? त्याच्या गुडघ्यांना हसत होते?

होऊ दे. तेवढी शिक्षा कमीच आहे.

१८ मार्च

होळी झाली, सीझन संपला. लहानूची नागपूरची तपासणीही झाली. डोक्याला तारा लावून रात्रभर झोपवलं, दिवसाही पुन्हा पुन्हा झोपवलं. मॅडम म्हणाल्या तेच निघालं. नवीन गोळ्या सुरू.

सुकरी आली होती. मॅडमनी तिला समजावून सांगितलं, पडणं कशानं, हसणं कशानं. नाटकात काय चालायचं तेही बोलता बोलता निघालं. लपवून ठेवा असं मी कुठे सांगितलं होतं, आणि कोणत्या तोंडानं सांगणार होते!

सुकरी माझ्याकडे वळली. ओरडली नाही. "तुमी नाई म्हनलं होतं," एवढंच.

मी हात धरायला गेले. तिनं निशाला कडेवर घेतलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

२९ मे

लहानू जंगलात तेंदूपत्ता तोडायला जातो म्हणे. दिवसा जागा राहतो. फोनवर मीच बोलत होते, तो "हो जी, हो जी." सुकरीला फोन दे म्हटलं. मागून तिचाच आवाज आला, "हातात काम हाय म्हन तिले."

१४ ऑगस्ट

आज वाटेत एक फार मजेदार गोष्ट दिसली. घरी येईपर्यंत त्याचं वाक्य झालं. लहानूसाठीच झालं, आपोआप! तोंडावर हात ठेवला, घरात कोणी नसताना.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली. नूरभाऊंनी तेच नाटक धरलंय, लहानूला गड्याच्या कामासाठी बोलावलंय. मॅडमनी हो म्हटलं: गोळ्या चालू ठेवा, झोप सांभाळा, अवघड उंचीवर चढू नका. मंडळांना आधीच कळवलं आहे की पडणारा सीन आता नाही. अर्धी बुकिंगं गेली.

मी लहानूला सांगून टाकलं. लिहिलेलंच बोलेन. "अगं बाई, दार लाव." बास. पदरचं एक अक्षर नाही.

"बरं," तो म्हणाला. तोंड एवढंसं झालं. मी लक्ष दिलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काल पहिला प्रयोग, आरमोरीजवळ. सुकरी आली होती. विंगेत, स्टेजकडे पाठ करून निशाला झोपवत बसली होती. माझ्याशी अजून बोलत नाही.

लहानू धावत आला. "मालकीनबाई, वाघ आला!"

मी तोंड उघडलं. तो पुढे सरकला, पब्लिकला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "बोला ना बाई. गोळी घेतली हाय." गादी होती. पाय मी मागे घेतले. आणि म्हटलं, "त्याले विच्यार, जेवून आला का जेवाले आला?"

पापण्या लवल्या. एक गुडघा हलला. मी हात पुढे केले. पण तो उभाच राहिला आणि हसला! हसतच राहिला. चिरका, शेळीसारखा आवाज, आजवर कधीच न ऐकलेला, मध्ये मध्ये हुंदका दिल्यासारखा, थांबेचना. मागून कोणी तरी ओरडलं, "पड ना बे!" शिट्टी एकही नाही. तो डोळे पुसत हसतोय आणि मी त्याच्याकडे बघत वाक्य विसरले. प्रॉम्प्टर घसा फोडून ओरडत होता.

विंगेत आले तर सुकरी उठून उभी. पोरगी खांद्यावर. मला म्हणाली, "बाई, तिथी कोन हसून राह्यलं वो?"